पिसांचे कानातले नेहमी घालणारं कोणी आहे का? अनुभव हवेत

अबोली_डोंबिवली

नमस्कार मंडळी. आधी थोडं मागचं सांगते म्हणजे प्रश्न कळेल. कॉलेजपासून मी जड झुमके घालत आले, ऑक्सिडाइजचे, मोठ्ठे, खांद्याला टेकणारे, आणि त्याने दोन्ही कानांची भोकं ओघळली, डावी पाळी तर शेवटी चिरलीच. दोन वर्षांपूर्वी टाके घालून घेतली, मग काही महिन्यांनी जुन्या जागेच्या बाजूला नवीन भोक पाडलं आणि तेव्हाच डॉक्टरांनी सांगितलं की आता जड काही लटकवायचं नाही. मला कानात मोकळं काहीतरी हलणारं असल्याशिवाय तयार झाल्यासारखंच वाटत नाही हो, छोटे टॉप्स घालून वर्षभर नुसती हिरमुसून होते.

मग गेल्या नोव्हेंबरात गोव्याला गेलो तेव्हा हणजुण्याच्या बुधवारच्या बाजारात पिसांचे कानातले दिसले. तीन जोड घेतले. एक मोरपिसाच्या डोळ्याचा, एक फिरोजी रंगवलेला लांब, आणि एक ठिपकेवाला. विकणारा म्हणाला हे ठिपकेवालं जंगलातलं आहे, रेअर आहे, म्हणून त्याचे जास्त पैसे लावले.

घालून बघितले तर खरंच कानात काही आहे हेच कळत नाही! मान वळवली की पीस मानेला हळूच लागतं, ते इतकं छान वाटतं ना. पंख्याखाली बसलं तरी हलतं. ऑफिसमध्ये तिघींनी विचारलं कुठून घेतले. म्हणजे आनंद आहेच, पण त्रास पण सुरू झालेत. जूनमध्ये लोकलच्या दारात उभी होते, पाऊस आत आला आणि फिरोजीवाल्याचा रंग ऑफव्हाइट कुर्तीच्या खांद्यावर उतरला तो गेलाच नाही. मोरपिसाचे तंतू फाटल्यासारखे वेगळे वेगळे झालेत. ओढणीत अडकतं, केस मोकळे असले तर केसात गुंततं. आणि आजी म्हणते पाखराचं पीस अंगावर कशाला घालतेस, कुठल्या जिवाचं आहे ते तुला माहीत आहे का. त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

डिसेंबरात मामेबहिणीचं लग्न आहे, तिथे मोरपिसाचे घालायचेत. तर कसे जपायचे, पावसाळ्यात काय करायचं, आणि आजीच्या प्रश्नाचं काय?

रंगारीण

अबोली, मी इचलकरंजीला घरून पिसांचे दागिने करते, नऊ वर्षं झाली, त्यामुळे माझ्याकडे सांगायला भरपूर आहे, लांबलं तर सांभाळून घे.

मोरपीस फाटलेलं नाहीये, काळजी नको. पिसाच्या मधल्या दांड्याला दोन्ही बाजूंनी बारीक तंतू असतात, आणि साध्या पिसात त्या तंतूंना अजून बारीक आकडे असतात, ते एकमेकांत अडकून सपाट पातं तयार होतं. चेन लावल्यासारखं. धक्का लागला की चेन उघडते. पक्षी चोचीने दिवसातून कितीतरी वेळा ती नीट करत बसतो, आपल्याला बोटांनी करायची. स्वच्छ कोरड्या बोटांनी दांड्याकडून टोकाकडे हळू ओढत न्यायचं, उलटं कधीच नाही. तेवढ्याने नाही जमलं तर किटलीच्या वाफेवर वीतभर उंचीवर पाच-सहा सेकंद धर आणि मग ओढ. वाफेने पीस मऊ होऊन आपल्या मूळच्या आकाराला येतं, वाकलेला दांडा पण बऱ्यापैकी सरळ होतो. फक्त हूक धातूचा असतो तो वाफेत गरम होतो, तो चिमट्याने धर. आणि मोरपिसाच्या डोळ्याच्या बाजूचे जे मोकळे सुटे तंतू असतात ते मुळातच मोकळे असतात बरं का, त्यांना जोडायचा प्रयत्न नको.

शहामृगाच्या पिसाला हे आकडे नसतात, म्हणून ते असं भुरभुरीत, फुलून आलेलं दिसतं. दिसायला सगळ्यात सुंदर आणि आपल्या दमट हवेत सगळ्यात आधी मान टाकणारं पण तेच. मुंबई-कोकणात पावसाळ्यात शहामृगाचं घालूच नये असं माझं स्पष्ट मत आहे, अर्ध्या तासात चिपकून दोरीसारखं होतं. वाळवून वाफ दिली की परत फुलतं पण कार्यक्रम तर गेला ना.

रंगाचं म्हणशील तर तुझ्या फिरोजीला कच्चा रंग दिलाय. पिसं म्हणजे केरॅटिन, आपले केस-नखं ज्याची तेच, म्हणून लोकर-रेशमाला चालणारे ॲसिड रंग व्हिनेगर घालून गरम पाण्यात दिले तर पक्के बसतात. बाजारात घाईत केलेल्या मालात धुवून जादाचा रंग काढतच नाहीत. घ्यायच्या आधी ओला पांढरा रुमाल पिसावर दाबून बघायचा, डाग आला तर सरळ ठेवून द्यायचं. आता आहे त्याला कोमट पाण्यात थेंबभर बेबी शॅम्पू टाकून हलवून घे, पाणी स्वच्छ येईपर्यंत, हूक वर ठेव. मग टॉवेलवर टिपून ड्रायरच्या थंड हवेने वाळव. थोडा फिका होईल, पण कुर्त्या वाचतील. मोरपिसाचा निळा-हिरवा मात्र कधी उतरत नाही, कारण तो रंग कोणी लावलेला नाहीच, पिसाच्या आत अतिशय सूक्ष्म जाळीदार रचना असते आणि प्रकाश तिच्यावरून उसळून तो रंग दिसतो. म्हणून तर मान हलवली की हिरव्याचा सोनेरी होतो. कुठल्याही रंगाच्या डब्यातून ते येत नाही, मी नऊ वर्षं प्रयत्न करतेय.

अजून एक, फेव्हीक्विकने चिकटवलेले कानातले घेऊ नकोस. त्याच्या वाफेने पिसावर पांढुरकी झाक येते आणि दांडा कडक होऊन तिथेच तुटतो. दांडा धातूच्या टोपणात घालून दाबून बसवलेला असेल तर टिकतो. आणि तुझी पाळी एकदा शिवलेली आहे तर हूक चांदीचा बदलून घे, स्वस्त हुकात निकेल असतं, कितीतरी जणींना त्याने खाज आणि पाणी सुटतं.

रानपाखरू

ताई, तुमच्या आजीचा प्रश्न अगदी बरोबर आहे आणि मला वाटतं सगळ्यात आधी तोच विचारायला हवा. मी वीस वर्षं पक्षी बघतोय, नागपूरकडे असतो.

मोरपिसाचं सांगतो. मोर १९६३ पासून राष्ट्रीय पक्षी आणि वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या रांगेत. पण शेपटीच्या पिसांना देशातल्या व्यवहारात सूट आहे, कारण मोर पिसारा दरवर्षी स्वतःच टाकतो. पावसाळ्याचा विणीचा हंगाम सरत आला की दीडशे-दोनशे लांब पिसं हळूहळू गळतात आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत नवीन येतात. दिगंबर जैन मुनींची पिच्छी याच गळलेल्या पिसांची, किडामुंगीला इजा न होता जागा झाडता यावी म्हणून. आपल्या वासुदेवाची टोपी, दर्ग्यातला कुंचा, सगळं त्याच परंपरेतलं. पण सूट आहे म्हणून मागणी वाढली आणि मागणी वाढली की मोर मारून पिसं उपटणारे पण येतात, हे खरंच होतं. गळलेल्या पिसाचं बूड स्वच्छ, कोरडं, बंद झालेलं असतं, ओढून काढलेल्याच्या बुडाशी रक्ताचे किंवा मासाचे अंश राहतात. कानातल्यात नेमकं बूड कापलेलं असतं त्यामुळे काही कळत नाही, ही अडचण आहे. म्हणून मी सगळ्यांना सांगतो अख्खं पीस बघून घ्या आणि करून घ्या. शिरूर तालुक्यात मोराची चिंचोलीसारख्या गावात शेताच्या बांधावर हंगामात पिसं पडलेली दिसतात. अभयारण्यातून मात्र काही म्हणजे काही उचलायचं नाही, पडलेलं पीससुद्धा.

मोराची पिसं सोडली तर जंगली पक्ष्याचं पीस विकणं बेकायदेशीर आहे. म्हणून तुमचं ते 'जंगलातलं रेअर' ऐकून मला धस्स झालं. घुबडं आपल्याकडे आधीच दिवाळीच्या सुमारास अंधश्रद्धेपायी मारली जातात, त्यात दागिन्यांसाठी भर नको. ठिपके कसे आहेत ते नीट बघून लिहाल का? रंग कुठला, ठिपके गोल आहेत की आडवे पट्टे, पिसाची कड मऊ झालरीसारखी आहे का?

हे मी उगाच ताणतोय असं कोणाला वाटेल, पण पिसांच्या फॅशनने काय केलं हे माहीत असलं पाहिजे. १८८६ मध्ये न्यूयॉर्कला फ्रँक चॅपमन नावाच्या पक्षीअभ्यासकाने रस्त्यावरून चालत बायकांच्या टोप्या मोजल्या, ७०० पैकी ५४२ टोप्यांवर पिसं होती, चाळीस जातीच्या पक्ष्यांची. सगळ्यात वाईट हाल बगळ्यांचे झाले. बगळ्याला ती झुळझुळीत पांढरी पिसं फक्त विणीच्या काळात येतात, म्हणजे पिसांसाठी मारायचे ते घरट्यावर पिल्लं असलेलेच पक्षी, आणि मागे पिल्लं उपाशी मरायची. आपल्याकडून पण भरपूर माल जायचा, हरगिला म्हणजे एक मोठा करकोचा, त्याच्या शेपटीखालची मऊ पिसं बंगालमधल्या कुमारखालीच्या नावाने विलायतेत विकली जायची. शेवटी बायकाच उभ्या राहिल्या. इंग्लंडमध्ये एमिली विल्यमसनने १८८९ मध्ये मँचेस्टरजवळ आपल्या घरी पिसं न वापरणाऱ्या बायकांची संस्था काढली, तीच पुढे आरएसपीबी, म्हणजे तिथली मोठी पक्षीसंरक्षण संस्था झाली. हिंदुस्थानातून जंगली पक्ष्यांची पिसं बाहेर पाठवायला १९०२ मध्ये बंदी आली, विलायतेत आयात बंद व्हायला मात्र १९२१ उजाडलं. आज तुम्ही भातखाचरात गायबगळ्यांचा थवा बघता ना, त्यामागे त्या बायकांची बत्तीस वर्षं आहेत.

रंगारीण

दादा, एकदम पटलं. मी म्हणूनच फक्त कोंबडा, बदक, टर्की आणि गिनी कोंबडीची पिसं वापरते, जी खाण्यासाठी पाळली जातात आणि ज्यांची पिसं नाहीतर उकिरड्यावर जातात. कोंबड्याच्या मानेची आणि पाठीची पिसं इतकी चमकदार असतात की रंग द्यावासाच वाटत नाही, गावठी कोंबड्याचं तांबूस-सोनेरी पीस काळ्या साडीवर काय दिसतं! पण पाळीव आहे म्हणजे सगळं चांगलंच असं पण नाही. २०११ मध्ये अमेरिकेत केसात लांब पिसं लावायची फॅशन आली होती, आठवतं का कोणाला? ती पिसं मासेमारीचे गळ सजवायला म्हणून खास वाढवलेल्या कोंबड्यांची होती, भाव इतके चढले की मासेमारीची दुकानं रिकामी झाली. ती पिसं काढण्यासाठीच कोंबडा मारला जातो. आणि बदका-हंसांचं पीस काही ठिकाणी जिवंतपणी उपटतात, म्हणून बाहेरून आलेलं स्वस्त पांढरं पीस मी घेत नाही. फेदर बोआवर, म्हणजे गळ्यात घालायच्या पिसांच्या लांब माळेवर, 'माराबू' असं नाव दिसलं तर घाबरू नका, नाव आफ्रिकेतल्या करकोच्याचं आहे पण हल्ली ते टर्कीचंच मऊ पीस असतं.

तळोद्याचा

आमच्याकडे सातपुड्यात पीस घालणं म्हणजे फॅशन नाही, नवस आहे, म्हणून लिहावंसं वाटलं. अक्कलकुवा तालुक्यात काठीची राजवाडी होळी असते, तिला बुध्या आणि बावा, म्हणजे नवस बोललेले पुरुष, नाचतात. अंगभर ठिपके आणि नक्षी रंगवलेली, कमरेला भोपळे आणि घुंगरू, डोक्यावर मोरपिसांचा उंच टोप. रात्रभर नाचतात आणि पहाटे होळी पेटते. माझ्या मामाने तीन वर्षं नवस फेडला. तो सांगायचा की टोप घरातून उचलताना हलका लागतो पण नाचायला लागलं की वारा त्यात भरतो आणि मान मागे ओढली जाते, त्यामुळे नाचायची चालच वेगळी, गुडघे वाकवून, मान स्थिर ठेवून. घामाने बांबूच्या कामट्या कपाळाला रुततात. तरी टोप चढवला की माणूस दुसराच होतो, मामी त्याला ओळखूच शकत नसे असं म्हणायची, आणि तो आनंद त्याच्या चेहऱ्यावर आठवडाभर दिसायचा. नवसाच्या दिवसांत पाळायचे नियम पण कडक, खाटेवर झोपायचं नाही, ब्रह्मचर्य पाळायचं.

ताईंना एवढंच सांगतो, टोपाची पिसं आमच्या घरी कधी घडी करून किंवा दाबून ठेवली नाहीत. उभी टांगलेली. दाबलेलं पीस एकदा मोडलं की मोडलं.

जर्सीवासी_स्नेहल

तळोद्याचा, किती सुंदर लिहिलंत, कधीतरी त्या होळीला यायचंय.

मी अमेरिकेत असते, परदेशात राहणाऱ्यांसाठी माझा अनुभव. मी पुण्याहून येताना मुलीच्या कृष्णाच्या ड्रेससाठी मोरपिसं आणणार होते, बाबांनी वेळेवर अडवलं. भारतातून मोरपीस बाहेर नेता येत नाही, दागिना केला असला तरी नाही. देशात चालतं म्हणून आपण गृहीत धरतो, तसं नाहीये. इथे जन्माष्टमीला मग कापडाचं केलं, रेशमी कापड तिरपं कापून कडा सोडवल्या आणि मधे तार शिवली, लांबून कोणाला ओळखू आलं नाही.

आणि इथे उलट बाजूने पण नियम आहे. १९१८ च्या स्थलांतरित पक्ष्यांच्या कायद्यामुळे इथल्या बहुतेक जंगली पक्ष्यांचं पीस जवळ ठेवणंच गुन्हा, बागेत पडलेलं उचललं तरी. माझी मुलगी ब्लू जे नावाच्या निळ्या पक्ष्याचं पीस वहीत ठेवायला घेऊन आली, अगदी आपण लहानपणी मोरपीस ठेवायचो तसं, वहीत ठेवलं की त्याला पिल्लू होतं असं मानून. मला तिला परत टाकायला लावावं लागलं आणि का ते समजावायला पूर्ण संध्याकाळ गेली. उचललेलं आणि मारून काढलेलं यात फरक सिद्ध करता येत नाही, म्हणून सरसकट बंदी, हे तिला शेवटी पटलं. ऑस्ट्रेलियाला कोणी जात असेल तर पिसांचे कानातले असले तरी विमानतळावर जाहीर करायचे, तिथे याबाबत फार कडक आहेत.

सदाफुली

माझ्या मुलाला दमा आहे, मला पिसांचे ब्रोच फार आवडायचे पण सोडून दिले. ॲलर्जीवाल्या डॉक्टरांनी सांगितलं की बऱ्याचदा त्रास पिसाचा नसतो, त्यात साठलेल्या धुळीचा आणि त्यातल्या माइट्सचा, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या किड्यांचा असतो. तरी तान्हं बाळ कडेवर घेताना हे कानातले नकोतच, ओढतं आणि तोंडात घालतं. आणि शेतातून, रस्त्यावरून उचललेलं पीस न धुता कोणी वापरू नका प्लीज. २००६ मध्ये आपल्याच नवापूरला बर्ड फ्लू आला होता, तेव्हा मी शेजारच्या तालुक्यात होते, ते दिवस विसरता येत नाहीत.

अबोली_डोंबिवली

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी, मी रात्री हे सगळं आजीला वाचून दाखवलं. बगळ्यांच्या पिल्लांचं ऐकून ती गप्प झाली आणि मग पिच्छीचं ऐकून म्हणाली की गळलेलं असेल तर घाल, ते देवाने दिलेलं.

रानपाखरू दादा, खिडकीत नेऊन बघितलं. रंग गडद राखाडी, जवळजवळ काळा, आणि त्यावर पांढरे गोल ठिपके, ओळीने, मोत्यासारखे एकसारखे. कडेला झालर वगैरे काही नाही, कड साधी आहे. लांबी बोटाएवढी.

वाफेचा प्रयोग पण केला! मोरपीस चक्क नवीन दिसायला लागलं. फिरोजीचं पाणी पाच वेळा बदललं तेव्हा स्वच्छ आलं, आता आकाशी झालाय आणि खरं तर मला तोच जास्त आवडला.

रानपाखरू

मग ती गिनी कोंबडी आहे, तुम्ही केलेलं वर्णन दुसऱ्या कशाशी जुळत नाही. पाळीव पक्षी, मूळचा आफ्रिकेतला, आपल्याकडे बरेच जण पाळतात. निर्धास्त घाला. पण विकणाऱ्याने जंगलातलं म्हणून जास्त पैसे घेतले आणि ते ऐकून आपण दिले, याचा विचार करा. पुढच्या वेळी कोणी असं म्हणालं तर तिथूनच मागे फिरा, कारण 'जंगलातलं' म्हटल्यावर माल खपतो हे त्याला कळलं की एक दिवस तो खरंच जंगलातलं आणेल.

अबोली_डोंबिवली

हो, हे मला लागलं. त्यावेळी रेअर म्हटल्यावर मला उलट भारी वाटलं होतं. यापुढे नाही.

एक शेवटचं, डिसेंबरपर्यंत ठेवायचे कसे? कपाटात डांबरगोळ्या आहेत.

रंगारीण

डांबरगोळ्या नकोत, तो वास पिसात बसतो आणि दिवसभर नाकाशेजारी राहतो, शिवाय प्लास्टिकचे मणी असतील तर चिकट होतात. पण काहीच केलं नाहीस तर कसर लागेल हे नक्की, लोकरीला लागते तीच, पिसांवर तर तिचा जास्त जीव. मी काय करते, आधी पूर्ण कोरडे करून झिपच्या पिशवीत घालून दोन आठवडे फ्रीजरमध्ये, त्याने अंडी-अळ्या मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, बाहेरच्या हवेएवढी होऊ द्यायची, नाहीतर पिसावर दव धरतं. मग एका उभ्या पुठ्ठ्याच्या खोक्यात वरून दोरी बांधून टांगून ठेवायचे, तळोद्याच्या दादांनी सांगितलं तसेच, खाली मलमलच्या पुरचुंडीत कापूर, पिसाला न टेकता. कापूर उडून जातो, महिन्याने बदल. आणि लग्नाच्या दिवशी आधी परफ्यूम, हेअरस्प्रे सगळं मारून घे, साडी नेसून पदर पिनअप कर आणि एकदम शेवटी कानातले घाल. केस अंबाडा किंवा एका बाजूला. त्या मामेबहिणीच्या साडीचा रंग कुठला आहे? मोरपिसाचा डोळा राणी रंगावर फार खुलतो.

अबोली_डोंबिवली

तिची मोतिया आहे. राणी माझी आहे!